खावटीचा आकडा चुकलाय असे वाटते तेव्हा

शाहूपुरीच्या कुठल्याही गल्लीतून कोल्हापूरचे रेल्वे स्टेशन चालत गाठता येते. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघणाऱ्यांत व्यापारी असतात, परीक्षेला निघालेली पोरे असतात आणि परवापरवापर्यंत कोर्टाची फाईल पिशवीत घालून निघालेले पक्षकारही असत. मुलाच्या खावटीचा म्हणजे पोटगीचा आदेश मान्य नसला, की कौटुंबिक न्यायालयाच्या वरचे दार मुंबईत होते. महिन्याला पाच हजारांच्या आकड्यावरून भांडायचे आणि एका तारखेला जाण्यायेण्यातच त्यातले निम्मे घालवायचे, असा तो व्यवहार. बहुतेकजण हिशेब करून गप्प बसत.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हा हिशेब बदलला. त्या दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम सुरू झाले. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे खटले आता इथे चालतात. वकील आणि पक्षकार ज्यासाठी चाळीसहून अधिक वर्षे भांडले, ते दार शाहूपुरीपासून रिक्षाच्या एका फेरीवर आले.

दार जवळ आल्याचा एक तोटाही आहे. आदेश हातात पडल्या पडल्या रागाच्या भरात “हायकोर्टात जातो” म्हणणाऱ्यांची संख्या वाढते, आणि पुष्कळदा त्यांचे काम ज्या दारावर व्हायचे असते ते खालच्याच न्यायालयात असते. आदेश चुकला आहे, की आदेश होता तेव्हा बरोबर होता आणि नंतर परिस्थिती बदलली? खावटीच्या आकड्याला आव्हान द्यायचे असेल तर या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत आधी हवे. वकील गाठण्याच्याही आधी.

तक्ता आपल्याकडे नाही

मुलाची खावटी किती, हे सांगणारे कोष्टक भारतात नाही. ऑस्ट्रेलियात आहे. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या आणि विभक्त झालेल्या मराठी जोडप्यांना ते चांगलेच ओळखीचे असते. तिथे १९८९ च्या कायद्याखाली सरकारी यंत्रणा दोघांचे करपात्र उत्पन्न आणि मूल कोणाकडे किती रात्री राहते हे पाहून सूत्राने आकडा काढते. तो आकडा पटला नाही तर बदल मागण्याची दहा कारणे ठरवून दिलेली आहेत. त्यांतले आठवे कारण नेमके आपल्या विषयाचे आहे: आई किंवा वडिलांचे उत्पन्न, मालमत्ता, आर्थिक साधने किंवा कमावण्याची क्षमता सूत्रात नीट उतरलेली नाही. म्हणजे जिथे सूत्र आहे तिथेही भांडण शेवटी ‘कागदावर दिसते तेवढेच याच्याकडे आहे का’ यावरच येते.

आपल्याकडे सूत्र नसल्यामुळे सगळा भार न्यायाधीशांच्या अंदाजावर आणि तो अंदाज ज्या कागदांवर बेतलेला असतो त्यांच्यावर पडतो. २००१ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये दरमहा पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राने ती स्वतःपुरती दीड हजारांवर नेली होती. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. ते सर्व धर्मीयांना लागू आहे. मुस्लिम मुलांनाही सज्ञान होईपर्यंत याच कलमाखाली वडिलांकडून खावटी मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. हिंदू कुटुंबांसाठी याशिवाय १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० आहे. त्यात अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी वडिलांवर आणि आईवर अशी दोघांवर टाकली आहे.

‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आकडा मात्र कट्ट्यावर आणि कोर्टाच्या कँटीनमध्ये कायदा असल्यासारखा फिरतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के पत्नीसाठी योग्य ठरतील, असे म्हटले होते. ती पत्नीची पोटगी होती आणि तो अंदाज होता. त्याच प्रकरणात नवऱ्याने दुसरे लग्न केले होते, त्याला त्या लग्नापासून मूल झाले होते, म्हणून न्यायालयाने २३ हजारांची रक्कम २० हजारांवर आणली. ही दुसरी बाजू कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

मुलाच्या बाबतीत जास्त उपयोगी निकाल २००० सालचा आहे, पद्मजा शर्मा खटल्यातला. आई-वडील दोघेही नोकरीत होते आणि वडिलांचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलासाठी महिना तीन हजार रुपये धरले आणि दोघांनी ते दोनास एक या प्रमाणात उचलावेत, असे सांगितले. आधी मुलाची गरज, मग दोघांची ऐपत, मग वाटणी. ज्या आदेशात यांतली एखादी पायरी गाळलेली दिसते, तो आव्हान देण्याजोगा असण्याची शक्यता वाढते.

हे आकड्यांत मांडून पाहू. समजा, शाहूपुरीत भाड्याने राहणारी आई खासगी शाळेत शिकवते आणि तिच्या हातात महिना २५ हजार पडतात. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, हातात ५० हजार. मुलाच्या शाळेची फी महिन्यावर पसरली तर ४,०००, रिक्षा १,२००, शिकवणी २,०००, किराणा-दूध ३,५००, कपडे-वह्या १,०००, औषधपाणी ८०० आणि घरभाड्यात मुलाचा वाटा २,५००. बेरीज १५ हजार. दोनास एक धरले तर वडिलांचे १० हजार, आईचे पाच.

आता आईला कळते, की वडिलांना उसातून खर्च वजा जाता महिन्याला सरासरी आणखी १० हजार मिळतात आणि ते कुठेच दाखवलेले नाहीत. ती खवळते, ते साहजिक आहे. पण प्रमाण ६० ला २५ झाले तरी १५ हजारांतला वडिलांचा वाटा १०,५८८ होतो. म्हणजे सहाशेच्या आत फरक. लपवलेले उत्पन्न उघडे पाडण्यासाठी दोन वर्षे झगडायचे आणि खर्चाची यादी मात्र जुनीच ठेवायची, यात हाताला फारसे लागत नाही. वडिलांची ऐपत खरोखर मोठी आहे हे दिसले, तर मुलाचे राहणीमान त्या ऐपतीला धरून असावे, हा मुद्दा खरा रक्कम हलवतो. तेव्हा ऐपतीच्या पुराव्यासोबत मुलाच्या खर्चाची नवी, पावत्यांसह यादी हवी.

वडिलांच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे आहे. आदेशाच्या वेळी आई घरीच होती, म्हणून १५ हजार पूर्ण वडिलांवर आले. नंतर तिला २५ हजारांची नोकरी लागली. इथे त्याच प्रमाणाने १५ चे १० होऊ शकतात. न्यायालय त्रैराशिक मांडून बसत नाही, हे खरे. तरी जोर कुठे लावायचा ते या आकडेमोडीवरून कळते.

शपथपत्र हेच रणांगण

ऐपतीची चर्चा आज ज्या निकालाशिवाय होत नाही, तो महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये एका आईने स्वतःसाठी आणि तान्ह्या मुलासाठी अर्ज केला. २०१५ मध्ये अंतरिम आदेश झाला: आईला १५ हजार, मुलाला सुरुवातीची दोन वर्षे पाच आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १० हजार. वडिलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका केली, ती २०१८ मध्ये फेटाळली गेली. मग ते दिल्लीला गेले. जुन्या प्राप्तिकर विवरणपत्रावरून आकडा काढला, आता आपल्याला काम नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी आदेश कायम ठेवला, थकबाकी बारा आठवड्यांत भरायला सांगितली आणि त्या निमित्ताने देशभरासाठी नियम घालून दिले. हाच ‘रजनेश विरुद्ध नेहा’. कोल्हापुरात कुठल्याही वकिलाला नुसते ‘रजनेश-नेहा’ म्हटले तरी पुरते.

या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र सक्तीचे केले. अर्जदाराने ते अर्जासोबत द्यायचे, जाबदाराने जास्तीत जास्त चार आठवड्यांत. दोनहून अधिक संधी मागून कोणी टाळाटाळ करत असेल तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अंतरिम अर्जाचा निकाल शपथपत्रांनंतर चार ते सहा महिन्यांत व्हावा आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हेही त्यातलेच. व्यवहारात तारखा लांबतात, हे सांगायला नकोच.

शहरी नोकरदारांसाठीच्या नमुन्यात पगार, बँक खाती, विमा, वाहने, कर्जे यांची माहिती मागितली आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाचा आहे तो शेतकऱ्यांसाठीचा वेगळा नमुना. जमीन किती, त्यात स्वतःचा हिस्सा किती, फेरफार, बागायत की जिरायत, कुठली पिके, गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न, खंडाने घेतलेली जमीन, गाई-म्हशी किती, दूध किंवा कुक्कुटपालनातून किती मिळते, जमिनीवर कर्ज किती, इतके सगळे त्यात विचारलेले आहे. शाहूपुरीत फ्लॅट आणि करवीर किंवा कागल तालुक्यात ऊस, अशी घरे इथे पावलोपावली आहेत. “शेती आहे, पण त्यात काय मिळतंय?” हे वाक्य कोर्टात रोज ऐकू येते. मात्र कोल्हापूरची शेती कागदावर चोख असते. ऊस कारखान्याला गेला की वजनाची पावती निघते आणि बिल खात्यावर जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ते चौदा दिवसांत देणे बंधनकारक आहे. गोकुळच्या संस्थांची दूधबिले दर दहा दिवसांनी निघतात. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतात. तीन हंगामांची ऊसबिले आणि वर्षभराची दूधबिले समोर ठेवली की ‘काय मिळतंय’चे उत्तर रुपयांत मिळते. सातबारावर आजोबांचेच नाव असेल, तर वडिलांचा हिस्सा किती यावर वाद होईल, पण उत्पन्न कोणाच्या खात्यावर जमा होते ते बिलच सांगते.

खरी पंचाईत होते ती रोखीच्या धंद्यात. हुपरीत चांदीकाम करणारा, उद्यमनगरात लेथ चालवणारा, शाहूपुरीतल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा पण दुकान आईच्या नावावर असलेला, यांच्याकडे पगारपत्रक नसते. अशा वेळी फेसबुकवरच्या हॉटेलातल्या फोटोंवर भिस्त ठेवणारे बरेच असतात. त्या फोटोंनी वातावरणनिर्मिती होते, आकडा ठरत नाही. त्याहून उपयोगी कागद एक आहे आणि तो सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही: बँकेत किंवा पतसंस्थेत दिलेला कर्जाचा अर्ज. कर्ज मिळावे म्हणून माणूस तिथे आपले उत्पन्न फुगवून नाही तरी पूर्ण सांगतो, आणि खावटीच्या शपथपत्रात तोच माणूस अचानक गरीब होतो. हा अर्ज, जीएसटीची विवरणपत्रे, शॉप ॲक्टचा दाखला, विम्याचे हप्ते, वाहनाची नोंदणी हे सगळे न्यायालयामार्फत मागवता येते. त्यासाठी वेगळा अर्ज करून संबंधित संस्थेला कागद हजर करण्याचा हुकूम मागावा लागतो. स्वतःच्या उत्पन्नाची माहिती ज्याची त्यालाच ठाऊक असते, म्हणून ती सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावर येतो, हे तत्त्व रजनेश-नेहा निकालात आहे.

शपथपत्रात धडधडीत खोटे लिहिले तर शपथेवर खोटे बोलल्याची स्वतंत्र कारवाई होऊ शकते. आधीच्या संहितेतले कलम ३४० त्यासाठी होते, आता ते कलम ३७९ आहे. ही भीती दोन्ही बाजूंना सारखी असते. नोकरी लपवणारी आई आणि ऊस लपवणारे वडील न्यायालयापुढे एकाच पंगतीत बसतात.

शपथपत्रे न घेताच आकडा ठरला असेल, तर आव्हानाला तेवढा एक मुद्दाही भक्कम आधार देतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने तिची २० हजारांची खावटी साडेसात हजारांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, प्रकरण नव्याने विचारासाठी पाठवले आणि २०२० चे नियम खालची न्यायालये पाळत नसल्याबद्दल नाराजी नोंदवली.

वजाबाकीचा मोह

वडिलांच्या बाजूने दाखल होणाऱ्या कागदांत सगळ्यांत लांबलचक यादी हप्त्यांची असते. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पतसंस्थेचे कर्ज, भिशी, एलआयसी. सगळे वजा केले की पगारातून चार हजार उरतात. न्यायालये हा हिशेब सहसा मान्य करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या अनिवार्य कपातींपुरतीच मुभा दिली होती. घराच्या हप्त्याने स्वतःची मालमत्ता वाढते, मग त्यासाठी मुलाच्या ताटातले कमी का करायचे, असा साधा विचार त्यामागे आहे. आदेशाच्या तोंडावर घेतलेले नवे कर्ज तर हमखास संशयाने पाहिले जाते.

ऐन दाव्याच्या काळात दिलेल्या राजीनाम्याचेही तसेच. शरीराने धडधाकट माणसाने मजुरी करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये एका निकालात पुन्हा बजावले. पण खरोखर नोकरी गेलेल्यांनी यातून हताश होण्याचे कारण नाही. फौंड्रीने ऑर्डर आटल्यामुळे कामगार कमी केले असतील तर कमी केल्याचे पत्र, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात थांबलेला भरणा, दुसरीकडे केलेले अर्ज, मुलाखतीची बोलावणी हे सगळे दाखल करावे. आजारपण असेल तर रुग्णालयाची बिले. म्हातारे आई-वडील अवलंबून असतील तर त्यांना पेन्शन आहे का, तेही सांगावे, कारण समोरची बाजू ते काढणारच.

एक चूक मात्र फार महागात पडते. आकडा पटला नाही म्हणून भरणाच बंद करणे. थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून आईकडचे वकील वर्ष भरत आले की वसुली लावतातच. मूल भेटू देत नाहीत म्हणून पैसे थांबवले, हे उत्तर तिथे चालत नाही. भेटीचा अर्ज निराळा करायचा असतो. जेवढे जमते तेवढे तरी भरत राहावे, आणि तेही बँकेतून. यात्रेत भेटल्यावर मुलाच्या हातात दिलेले दोन हजार, दिवाळीचे कपडे, आजोबांनी दिलेली सायकल यांची कोर्टात नोंद लागत नाही.

कुठले दार

आता मूळ प्रश्नाकडे. आदेश एकतर्फी झाला असेल, म्हणजे समन्स बजावूनही हजर न राहिल्यामुळे किंवा ते मिळालेच नाही म्हणून, तर तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत करावा लागतो. गैरहजेरीचे सबळ कारण मात्र द्यावे लागते. “पोस्टमन आला होता, मी घेतलं नाही” हे ते कारण नव्हे.

आदेश दोन्ही बाजू ऐकून झाला, त्या वेळी समोर असलेले कागद नीट वाचले गेले नाहीत, आईचा पगार किंवा वडिलांची शेती विचारातच घेतली नाही, कारणे दिली नाहीत, अशी तक्रार असेल तर ती वरच्या न्यायालयाची बाब. कौटुंबिक न्यायालयाने कलम १४४ खाली दिलेल्या अंतिम आदेशावर अपील नसते. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९(४) खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा, ज्याला सगळेजण ‘रिव्हिजन’ म्हणतात. कोल्हापूरकरांसाठी ते आता सर्किट बेंचमध्ये. आदेश तालुक्याच्या ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा असेल तर रिव्हिजन सत्र न्यायालयातही करता येते. मुदत नव्वद दिवस. घरगुती हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर सत्र न्यायालयात अपील, मुदत तीस दिवस. हिंदू विवाह कायद्याखाली अंतरिम रक्कम ठरली असेल तर बहुधा रिट याचिका. घटस्फोटाच्या हुकुमनाम्यातच मुलाची रक्कम ठरली असेल तर अपील, आणि तिथेही तीस दिवसच धरून चालणे शहाणपणाचे.

रिव्हिजनमध्ये खटला पहिल्यापासून चालत नाही. खालच्या न्यायालयाने कायदा आणि पुरावा यांच्याशी विसंगत काही केले का, एवढेच तिथे पाहतात. तिथे नवे ऊसबिल घेऊन जाणाऱ्याला सहसा परत पाठवले जाते. शिवाय रिव्हिजन दाखल केली म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती देताना न्यायालय बऱ्याचदा थकबाकीतला मोठा भाग आधी भरायला लावते.

आदेशानंतर काही बदलले असेल, तर मात्र सर्किट बेंचची पायरी चढण्याची गरज नाही. मूळ आदेश देणाऱ्या न्यायालयातच कलम १४६ खाली रक्कम वाढवण्याचा किंवा कमी करण्याचा अर्ज करायचा. मूल बालवाडीत असताना ठरलेले चार हजार ते आठवीत गेल्यावर पुरत नाहीत, हा बदल. आईला नोकरी लागली, वडिलांना बढती मिळाली, कारखाना बंद पडला, मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला, हेही बदल. बहुसंख्य घरांची तक्रार प्रत्यक्षात या प्रकारची असते, आणि हा अर्ज तुलनेने स्वस्त, जवळचा आणि कितीही वेळा करता येण्याजोगा आहे. वाढ किंवा घट सहसा मागच्या काळाला लागू होत नाही. त्यामुळे पगारवाढ कळल्यावर “दिवाळी झाली की बघू” म्हणण्यात तेवढे महिने जातात.

एकाच मुलासाठी दोन-तीन कायद्यांखाली अर्ज असतील तर आधीचे सगळे आदेश नव्या अर्जात सांगणे बंधनकारक आहे. रकमा एकमेकींत वळत्या होतात. लपवले तर विश्वास जातो, आणि कौटुंबिक न्यायालयात न्यायाधीशांचा विश्वास ही चीज फार हळू परत येते.

मुलाच्या खर्चाची यादी करताना शाळेची फी आणि औषधे सगळेच लिहितात. छंद आणि खेळ राहून जातात. रजनेश-नेहा निकालात शिकवणी आणि इतर उपक्रमांचा वाजवी खर्चही धरायला सांगितला आहे, चैनीचा नव्हे. कोल्हापुरात पोरगा तालमीत जात असेल तर त्याच्या खुराकाचे दूध-बदाम, पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळत असेल तर बूट आणि स्पर्धेचा प्रवास हे खर्च खरेच होतात. त्यांच्या पावत्या ठेवाव्यात. वर्षातून एकदाच येणारे खर्च, गणवेश, प्रवेश शुल्क, चष्मा, बाराने भागून लिहावेत. दुसऱ्या बाजूने यादी तपासणाऱ्यानेही त्याच पावत्या मागाव्यात. घरभाडे संपूर्ण मुलाच्या नावावर टाकलेले असेल तर तिथे बोट ठेवावे.

आईने घटस्फोटाच्या समझोत्यात “मुलासाठी काही नको” असे लिहून दिले असले, तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही. मूल कलम १४४ खाली स्वतःच्या नावाने अर्जदार असते, आई त्याच्या वतीने सही करते. तसा अर्ज पुढेही करता येतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याखाली स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बहुतेक पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाची अट आहे. देशभराचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नसून परवानगीचा भाग आहे, त्यामुळे पक्षकाराला स्वतः बोलण्याची मोकळीक असते, आणि तिथले विवाह समुपदेशक आकड्यावर तडजोड घडवून आणण्याचा प्रयत्न करतात. या बैठकीला निरर्थक समजून दांडी मारू नये. कित्येक जोडपी लग्नावर एक होत नाहीत, पण शाळेच्या फीवर होतात.

शाहूपुरी ही पेठ १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली. त्याच महाराजांच्या संस्थानाने १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याला शिक्षा ठरवणारा कायदा केला होता. घरातल्या भांडणात राज्याने हात घालावा, ही कल्पना कोल्हापूरला शंभर वर्षे जुनी आहे. तरीही आजच्या शाहूपुरीत एखादी आई खावटी वाढवून मागायला निघाली, की “लोक काय म्हणतील” हा आक्षेप वकिलाच्या आक्षेपाआधी येतो.

उरतो वयाचा प्रश्न, आणि तो बहुतेकांना उशिरा सुचतो. कलम १४४ खालची मुलाची खावटी अठराव्या वाढदिवसाला थांबते, अपंगत्व असेल तेवढा अपवाद. अविवाहित हिंदू मुलीला त्यानंतरही १९५६ च्या कायद्याखाली वडिलांकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले, पण तो वेगळा दावा. मुलगा असेल तर बारावीचा निकाल, अभियांत्रिकीचा प्रवेश आणि अठरावा वाढदिवस एकाच उन्हाळ्यात येतात. फीचा आकडा सगळ्यांत मोठा होतो तेव्हाच आदेश संपलेला असतो. म्हणून मूल नववी-दहावीत असताना वाढीचा अर्ज केला किंवा तडजोडीची बोलणी सुरू झाली, की त्यात अठरानंतरच्या शिक्षणाचे कलम लिहून घेण्याचा आग्रह धरावा: कुठल्या अभ्यासक्रमापर्यंत, फीचा किती हिस्सा कोणाचा, वसतिगृह धरायचे की नाही, आणि पैसे थेट महाविद्यालयाच्या खात्यावर जायचे की नाही. संमतीने लिहिलेले असे कलम न्यायालय हुकुमनाम्यात घेते, आणि मग त्याची अंमलबजावणी मागता येते.